पडद्यावर काय लिहिले आहे, ते आधी वाच

पुण्यात गुरुवार हा देखभाल-दुरुस्तीचा वार म्हणून सर्वांच्या अंगवळणी पडलेला आहे. त्या दिवशी कुठल्या ना कुठल्या भागात पाणी बंद असते, कुठे वीज बंद असते, आणि आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात शुक्रवारी सकाळी संदर्भ विभागाच्या टेबलापाशी येणारी पहिली तक्रार जवळजवळ ठरलेली असते : ‘‘मॅडम, नेट चालत नाही.’’

मागच्या पावसाळ्यातल्या एका शुक्रवारी ही तक्रार घेऊन वाणिज्य शाखेच्या प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी आली. ती खिडकीजवळच्या संगणकावर बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या संगणकांवर मुले निर्धास्तपणे काम करत होती, म्हणजे इंटरनेटची जोडणी शाबूत होती. मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि पडद्यावर काय लिहिले आहे ते मोठ्याने वाचायला सांगितले. ‘‘एरर आलाय,’’ ती म्हणाली. एरर आला आहे हे तिचे म्हणणे होते. पडद्याचे म्हणणे अजून कोणी ऐकलेलेच नव्हते. पुन्हा सांगितल्यावर तिने त्या इंग्रजी ओळी अडखळत, पण नीट वाचल्या आणि त्यांचा अर्थही तिचा तिनेच लावला : तुमचे घड्याळ मागे आहे. आम्ही दोघींनी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली पाहिले. तिथे पंधरा वर्षांपूर्वीची तारीख होती.

संगणकाच्या मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल बसवलेला असतो. सीआर २०३२ हे त्याचे नाव. त्यातले २० म्हणजे मिलिमीटरमधला व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. बाहेरची वीज पूर्णपणे तुटली की घड्याळ चालू ठेवण्याचे काम हा तीन व्होल्टचा सेल एकटा करतो, आणि तो संपलेला असला तर वीज परत आल्यावर संगणक आपली जुनी, कारखान्यातली तारीख धरून उठतो. दुसरीकडे, प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाजवळ ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र असते आणि ब्राउझर ती मुदत संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळ पंधरा वर्षे मागे गेले की यंदाचे प्रमाणपत्र अजून अमलातच आलेले नाही, असे त्याला दिसते आणि तो दार लावून घेतो. तारीख सुधारताच त्या मुलीचे संकेतस्थळ उघडले. दुपारी आमचे शिपाईमामा तपकीर गल्लीतून नवा सेल घेऊन आले आणि पुढचा शुक्रवार त्या संगणकापुरता तरी शांततेत गेला.

या टेबलावर मी बरीच वर्षे बसते आहे, आणि माझी आता खात्री झाली आहे की इथे येणाऱ्या बहुतेक तांत्रिक अडचणी या मुळात वाचनाच्या अडचणी असतात. अर्थशास्त्राचे अवघड प्रकरण शांतपणे वाचून काढणाऱ्या मुलांनाही पडद्यावर अचानक चौकट उमटली की तिच्यातला मजकूर दिसेनासा होतो आणि फक्त आपण काहीतरी बिघडवले ही भीती उरते. घरात पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयात आले आहे, गावात मोबाईल वापरला पण संगणकाला हात लागला तो पुण्यात आल्यावरच, अशा मुलांमध्ये ही भीती जास्त असते. म्हणून मी स्वतःपुरते एक पथ्य ठरवले आहे : माऊस विद्यार्थ्याच्याच हातात राहील, मी शेजारी बसेन, आणि पडद्यावरचे प्रत्येक वाक्य तो मला वाचून दाखवेल.

यावर सहकाऱ्यांशी माझे मतभेद होतात. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे, आणि दोन क्लिकमध्ये होणारे काम आपणच करून दिले तर मुलाची दहा मिनिटे वाचतील, असे सहकारी मला सांगतात. मला त्या सूत्राचा अर्थ वेगळा दिसतो. आज मी त्याच्या हातातून माऊस काढून घेतला तर तोच मुलगा तीच अडचण घेऊन वर्षभर या टेबलापाशी रांग लावेल, आणि सुट्टीत गावी असताना तर त्याला विचारायला कोणी नसेल. वाचवायचा तो वेळ हा आहे.

संदर्भसेवेत एक गोष्ट फार पूर्वीपासून शिकवली जाते, ती म्हणजे वाचक पहिल्यांदा जे विचारतो तेच त्याला हवे असते असे नाही. त्याला नेमके काय करायचे आहे ते विचारत विचारत मूळ प्रश्नापर्यंत जायचे असते. तंत्रज्ञानाच्या तक्रारींना हे जास्तच लागू पडते. ‘पासवर्ड चुकीचा दाखवतो’ ही तक्रार घ्या. पासवर्ड बरोबर असतो, कॅप्स लॉकही बंद असते, पण आधी बसलेल्या मुलाने कळफलक मराठीवर ठेवलेला असतो आणि पासवर्डच्या जागी नुसते ठिपके उमटत असल्याने ते कोणाच्या लक्षात येत नाही. उजव्या कोपऱ्यात भाषेची खूण असते. विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबली की भाषा बदलते. पासवर्ड आधी वापरकर्त्याच्या नावाच्या चौकटीत टाइप करून पाहावा आणि मग पुसावा, असा उपाय काही मुले परस्पर शोधतात. सार्वजनिक संगणकावर शेजारी कोणी बसलेले असताना तो मला मुळीच मान्य नाही.

शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या दिवसांत तर मूळ प्रश्न कित्येकदा संगणकाच्या खोलीतच नसतो. एकदा बीड जिल्ह्यातला एक मुलगा सलग दोन दिवस ‘साइट बंद आहे’ असे सांगत होता. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या शेजारी बसले. साइट उघडत होती, अर्जही भरला जात होता, आणि शेवटी एक ओळ येत होती की आपल्या नोंदणीकृत क्रमांकावर ओटीपी पाठवला आहे. क्रमांकाचे शेवटचे आकडे दिसत होते. ‘‘हे आकडे कोणाच्या नंबरचे आहेत?’’ असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘‘वडिलांच्या.’’ आधार कार्डाला वडिलांचा क्रमांक जोडलेला होता. वडील दिवसभर शेतावर असत आणि फोन घरी आईजवळ असे. त्याने तिथूनच आईला फोन लावला. आलेला संदेश पाहण्यासाठी त्या माउलीला फोन कानापासून दूर धरावा लागत होता, मग संदेश शोधावा लागत होता, मग पुन्हा फोन कानाला लावून एकेक आकडा सांगावा लागत होता. ‘‘दोन... थांब हं... सात...’’ असे करत ती पाचव्या आकड्यापर्यंत आली तेव्हा पडद्यावरची मुदत संपली.

आम्ही क्रम उलटा केला. त्याने शेजारच्या काकूंच्या फोनवर फोन लावला, आईला वडिलांचा फोन हातात घेऊन संदेशांचे पान उघडून बसायला सांगितले, आणि ती ‘‘बसले बघ’’ म्हणाल्यानंतरच ओटीपी मागवण्याचे बटण दाबले. सहा आकडे एका दमात आले. दिवाळीला गावी जाशील तेव्हा आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा क्रमांक जोडून घे, एवढे मी त्याला सांगितले, आणि जानेवारीत तो ते काम झाल्याचे मुद्दाम सांगायला आला. अशा वेळी मी कोणाचाही ओटीपी किंवा पासवर्ड कागदावर लिहून घेत नाही आणि स्वतः टाइपही करत नाही. ब्राउझरने ‘पासवर्ड जतन करू का?’ असे विचारले की ‘नको’ म्हणायचे आणि उठताना लॉगआउट करायचे, हे मात्र प्रत्येकाला, प्रत्येक वेळी सांगते.

छपाईविषयी फार लिहिण्यासारखे नाही. प्रिंट निघत नाही म्हणून मुले तोच आदेश पाच वेळा देतात, आणि ट्रेमध्ये कागद भरला की पाचही प्रती एकामागोमाग बाहेर येतात. म्हणून आधी छपाईची रांग उघडून पाहावी. आषाढ-श्रावणात कागद दमट होतो, पाने एकमेकांना चिकटतात आणि यंत्रात अडकतात. रिम उघडी ठेवू नये आणि कागद ट्रेमध्ये घालण्यापूर्वी पत्त्यांसारखा मोकळा करून घ्यावा, हे मामांनीच आम्हा सर्वांना शिकवले.

शोधनिबंधांची तक्रार जास्त गंभीर आहे, कारण तिच्यात मुलांचे पैसे जाऊ शकतात. ‘मॅडम, हा लेख विकत घ्यावा लागेल असे दाखवतोय’ असे सांगत पदव्युत्तर वर्गातली मुले येतात, आणि पडद्यावर खरोखरच डॉलरमधली किंमत असते. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचा एन-लिस्ट हा उपक्रम महाविद्यालयांना हजारो नियतकालिके आणि ई-पुस्तके उपलब्ध करून देतो. पण त्यासाठी ग्रंथालयातून मिळालेल्या नावाने आणि पासवर्डने तिथे आधी प्रवेश करावा लागतो. मूल गूगलवरून थेट प्रकाशकाच्या पानावर गेले तर प्रकाशकाच्या लेखी ते एक अनोळखी गिऱ्हाईक असते, आणि तो गिऱ्हाइकाला सांगायची ती किंमत सांगतो. वाट बदलली की बऱ्याचदा तोच लेख मोफत उघडतो. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरच्या प्रबंधांबाबत याच्या उलट गैरसमज असतो. तिथे प्रबंध एका फायलीत नसतो. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका आणि प्रत्येक प्रकरण अशा वेगवेगळ्या पीडीएफ फायली ओळीने मांडलेल्या असतात. पहिली फाईल उतरवून ‘प्रबंध एकाच पानाचा आहे’ असे सांगणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात, आणि खाली आणखी फायली आहेत हे दिसल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद येतो तो पाहण्यासारखा असतो.

आता ज्या प्रसंगासाठी मी हे सगळे लिहायला बसले, तो सांगते. मराठी विषयात एम.ए. करणारा एक मुलगा टेबलापाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, ‘‘मॅडम, आपल्याकडे ‘शेतकऱ्याचा असूड’ नाही.’’ महात्मा फुले यांनी १८८३ साली पूर्ण केलेला हा ग्रंथ पुण्यातल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नाही, असे होणे मला शक्य वाटेना. मी कपाटाकडे जाऊ शकले असते, कारण पुस्तक कुठे आहे ते मला ठाऊक होते. पण ओपॅकवर म्हणजे संगणकीय तालिकेवर ते का सापडले नाही, हे कळायला हवे होते. त्याने माझ्यासमोर पुन्हा शोध घेतला. शीर्षक शुद्ध टाइप केलेले होते. पडद्यावर लिहिले होते : शून्य नोंदी.

पहिला संशय शुद्धलेखनाचा होता, कारण या ग्रंथाच्या आवृत्त्यांवर आणि याद्यांमध्ये ‘असूड’ आणि ‘आसूड’ अशी दोन्ही रूपे आढळतात. त्याने ‘आसूड’ लिहून पाहिले, शून्य. मग फक्त ‘शेतकऱ्याचा’ एवढाच शब्द दिला, तरीही शून्य. मग लेखकाच्या चौकटीत ‘फुले’ लिहिले, आणि पुस्तकांची यादी उमटली. तिच्यात ‘शेतकऱ्याचा असूड’ होते, दाखलांकासह, म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदणी क्रमांकासह होते, आणि पुस्तक उपलब्ध असल्याचेही लिहिलेले होते. त्याने टाइप केलेला शब्द आणि यादीतला शब्द यांत डोळ्यांना तसूभरही फरक दिसत नव्हता. एक ओळ वर, एक खाली. आम्ही दोघे अक्षर अक्षर लावून वाचत होतो.

फरक होता तो ‘ऱ्या’मध्ये. मराठीत ‘र’ला ‘य’ दोन तऱ्हांनी जोडला जातो. ‘आचार्यांना नमस्कार केला’ यात रफार आहे, आणि ‘आचाऱ्यांना जेवण करायला सांगितले’ यात तो अर्धा, आडवा र आहे. एका खुणेने गुरूचा स्वयंपाकी होतो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, हा आडवा र लिहिण्याची आज मान्य असलेली पद्धत म्हणजे ‘ऱ’ हे नुक्ता म्हणजे खाली ठिपका असलेले स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त म्हणजे पाय मोडल्याची खूण आणि मग ‘य’ जोडणे. इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कळफलकावर हे अक्षर शिफ्ट धरून ‘र’ची कळ दाबली की येते. पण जुन्या पद्धतीत साधा ‘र’, हलन्त, त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर नावाचे एक अदृश्य चिन्ह आणि मग ‘य’ असे लिहीत असत, आणि पडद्यावर दोन्हींचे चित्र एकच उमटते. तिसरीही एक शक्यता असते : साधा ‘र’ घेऊन त्याला खालचा नुक्ता वेगळा जोडायचा. माणूस अक्षराचे चित्र वाचतो आणि संगणक त्यामागचे क्रमांक वाचतो. ज्या काळात आमच्या तालिकेतल्या नोंदी संगणकावर चढवल्या गेल्या त्या काळात टाइप करणाऱ्याने जॉइनर वापरला होता, आणि या मुलाच्या कळफलकाने नवे अक्षर वापरले. दोघांचेही बरोबर होते, आणि पुस्तक मात्र कपाटात असून तालिकेत हरवले होते.

या एका गोष्टीने मी फार अस्वस्थ झाले. शेतकऱ्यांवरच्या पुस्तकाचा शोध घेताना ‘शेतकऱ्या’ हाच शब्द सापडू नये, आणि किती मुलांनी शून्य नोंदी पाहून पुस्तक नाही असे मानून पाठ फिरवली असेल, याचा हिशेब लागणे शक्य नाही. पहिल्यांदा मी केवळ यासाठी त्या मुलाचे आभार मानले की तो परत न जाता टेबलापाशी आला.

उपाय दोन पातळ्यांवर आहे. शोध घेणाऱ्या प्रणालीला ही तिन्ही रूपे एकच मानायला शिकवता येते. ते काम तंत्रज्ञाचे आहे आणि त्यासाठीचा अर्ज मी दिला आहे. दुसरा उपाय आमच्या हातातला आहे. मार्क २१ या नोंदपद्धतीत २४६ क्रमांकाचे क्षेत्र शीर्षकाच्या पर्यायी रूपांसाठीच असते. मूळ शीर्षक आहे तसे ठेवून तिथे नव्या अक्षराने लिहिलेले रूप भरले, आणि या ग्रंथापुरते ‘आसूड’ हे रूपही भरले, की वाचकाने कसेही लिहिले तरी पुस्तक सापडते. जुन्या ग्रंथांच्या बाबतीत याचा आणखी एक उपयोग होतो. १९६२ सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांपूर्वी छापलेल्या शीर्षकांत ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे अनुस्वार आहेत, ते मूळ नोंदीत ठेवलेच पाहिजेत, आणि आजचा विद्यार्थी ते टाइप करणार नाही हेही धरून चालले पाहिजे.

याच गोत्रातली दुसरी अडचण प्रकल्प अहवालांच्या काळात येते. पेठेतल्या एखाद्या दुकानात मराठी मजकूर टाइप करून घेतलेला असतो, तिथे तो सुरेख दिसतो, आणि पेन ड्राइव्हवरून आमच्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची रांग दिसते. मुलांना वाटते की व्हायरस आला. प्रत्यक्षात तो मजकूर युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टमध्ये असतो. तिथे संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षराचेच क्रमांक साठवलेले असतात आणि फॉन्ट त्या क्रमांकांवर मराठी अक्षराचे चित्र काढतो. फॉन्ट नसला की चित्र जाते आणि मूळ क्रमांक उघडे पडतात. दुकानातूनच फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ आणली तर छपाई नीट होते, पण त्या पीडीएफमधला मराठी शब्द शोधता येत नाही की उचलून दुसरीकडे चिकटवताही येत नाही. म्हणून मजकूर रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणावा आणि नंतर जोडाक्षरे, विशेषतः रफार आणि पहिली वेलांटी, ओळीओळीने तपासावीत, असे मी सांगते. ज्या शहरात सी-डॅकसारखी संगणक संशोधन संस्था १९८८ सालापासून आहे आणि भारतीय भाषा संगणकावर आणण्याचे एवढे काम झाले, त्या शहरातल्या मुलांनी आपले अहवाल तरी पुढच्या मुलांना शोधता येतील असे लिहावेत, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

तो एम.ए.चा मुलगा आता बुधवारी आणि शनिवारी दुपारचे तास संपल्यावर टेबलापाशी येतो. तालिकेतली मराठी शीर्षके आम्ही एका तक्त्यात उतरवून घेतली आहेत आणि आडवा र असलेली शीर्षके तो वेगळी काढतो; शोधण्यासाठी तो ते अदृश्य चिन्हच शोधचौकटीत चिकटवतो, ही युक्ती त्याची आहे. तो वाचून दाखवतो, मी २४६मध्ये भरते, आणि मग तो शेजारच्या संगणकावर वाचक म्हणून शोध घेऊन खात्री करतो. काल आम्ही आचार्य अत्रे यांच्या ‘कऱ्हेचे पाणी’पर्यंत आलो. पुरंदरातली ही कऱ्हा नदी त्याच्या आजोळच्या वाटेवर लागते, असे त्याने सांगितले. त्याने शीर्षक टाइप केले, कळ दाबली, आणि पडद्यावर जे उमटले ते मी न विचारताच मोठ्याने वाचले : दाखलांक, कपाट क्रमांक, उपलब्ध. शनिवारी ‘ऱ्हास’ शब्द असलेली शीर्षके घ्यायची आहेत.